काळोख रंगवताना: भयकथेचं मुखपृष्ठ आणि तेच चित्र कलादालनात

भयकथेच्या मुखपृष्ठासाठी चित्र केलं, पुस्तक छापून आलं, मानधन मिळालं आणि मूळ चित्र माळ्यावर गेलं, हा आपल्याकडचा नेहमीचा क्रम. काही चित्रं प्रकाशकाच्या गोदामातच राहतात आणि पुढे त्यांचा पत्ताही लागत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण भयाचं चित्र भिंतीवर शोभत नाही हा समज खोटा आहे. अमेरिकन चित्रकार फ्रँक फ्रॅझेटा १९६०च्या दशकात स्वस्त पेपरबॅक पुस्तकांसाठी आणि भयकथांच्या मासिकांसाठी तैलरंगात मुखपृष्ठं करत. मूळ चित्रं आपल्याकडेच राहावीत हा त्यांचा आग्रह असे. १९६९ साली अशाच एका मासिकावर छापलेलं त्यांचं चित्र २०१९च्या लिलावात ५४ लाख डॉलरला गेलं. रकमेचा भाग सोडून द्या. मासिकाच्या स्टॉलवर गिऱ्हाइकाला थांबवणारं तेच चित्र पन्नास वर्षांनी भिंतीवरही उभं राहिलं, हे महत्त्वाचं.

असं दुहेरी चालणारं चित्र आपोआप होत नाही, ते पहिल्या रेघेपासून तसं आखावं लागतं. पुस्तक हातात धरून बघतात, आणि त्याआधी बहुतेक वेळा फोनवर नखाएवढं बघतात. दालनात माणूस आधी दहा फुटांवरून बघतो आणि चित्र आवडलं की नाक लावून बघतो. या सगळ्या अंतरांवर काळोख जिवंत राहिला पाहिजे. ज्यांना रेखाटनाचा हात आहे आणि तैलरंगाशी थोडीफार ओळख आहे, त्यांच्यासाठी ही सगळी वाट क्रमाने मांडतो. उदाहरण म्हणून एकच चित्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊ: कोकणातल्या चकव्याच्या गोष्टीचं मुखपृष्ठ.

आधी गोष्ट, मग भूत

हस्तलिखित पूर्ण वाचा. प्रकाशक फोनवर दोन वाक्यांत सारांश सांगतो, त्यावर चित्र करू नका. वाचताना वहीत तीनच गोष्टी टिपायच्या: वेळ कोणती, उजेड कुठून येतो, आणि माणसाच्या हातात, अंगावर, पायात काय आहे. भुताचं वर्णन शेवटी टिपा. ते कितीही रंगवून लिहिलेलं असलं तरी मुखपृष्ठावर येईलच असं नाही.

प्रसंग निवडताना गोष्टीचा कळस घेऊ नये. एक तर वाचकाचा आनंद जातो. शिवाय कळसाच्या क्षणी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्याच्या थोडं आधीचा क्षण पकडा, जिथे गोष्टीतल्या माणसाला अजून काही कळलेलं नाही पण चित्र बघणाऱ्याला कळलंय.

चकव्याची गोष्ट आपल्याला माहीत असते. माणूस रात्री ओळखीच्याच वाटेनं घरी निघतो आणि पहाटेपर्यंत त्याच मळ्यात फिरत राहतो. चकव्याला चेहरा नाही, नखं नाहीत, उलटे पाय नाहीत. नवशिक्या चित्रकाराला इथे अडचण वाटते आणि तो कवटी, लाल डोळे, धुक्यातून येणारा हात असं काहीतरी आणून घालतो. हे सगळं बाजूला ठेवा. माझ्या मते भयचित्राचा कणा असा की चित्रात एकच गोष्ट चुकीची हवी आणि बाकी सगळं इतकं खरं हवं की त्या एका गोष्टीवर विश्वास ठेवावाच लागेल. आपल्या चित्रात एक माणूस शेताच्या बांधावरून चाललाय, उजव्या हातात कंदील आहे. उजेड उजवीकडून, म्हणजे सावली डावीकडे पडायला हवी. ती पडलीय उजवीकडे, कंदिलाच्या खालून पुढे. एवढंच. माणसाला ते दिसत नाही, तो समोर बघतोय.

स्पेनचा चित्रकार गोया याची काळी चित्रं या दृष्टीनं जरूर अभ्यासा. माद्रिदबाहेरच्या आपल्या घराच्या भिंतींवर त्यानं १८१९ ते १८२३च्या सुमारास १४ चित्रं रंगवली, ती आता प्राडो संग्रहालयात आहेत. त्यांतलं कुत्र्याचं चित्र बघा. खाली एका उतारामागून कुत्र्याचं फक्त डोकं वर आलंय, आणि वरची सगळी जागा मळकट पिवळसर, रिकामी. ना राक्षस, ना रक्त. ती रिकामी जागा कुत्र्याला गिळेल असं वाटत राहतं.

लोककथांतून विषय घेताना एक गोष्ट मी फार जपतो. मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा ही मंडळी गोष्टींतली आहेत, त्यांच्याशी कल्पनेनं खेळायला मोकळीक आहे. वेताळाचं तसं नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीचा वेतोबा हे गावाचं जागृत दैवत आहे. तो रात्री गावाच्या सीमेवर राखण करत फिरतो आणि फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. गोव्यातही बेताळाची देवळं आहेत. अशा दैवताला सुळे आणि रक्ताळलेली जीभ लावणं मला पटत नाही, आणि चित्र म्हणूनही ते दुबळं आहे. अंधाऱ्या वाटेवर टाचेपाशी झिजलेली, माणसाच्या मापात न बसणारी एकच वहाण पडलेली दाखवा. कोकणातल्या वाचकाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

माप आणि अक्षरांची जागा

मराठी कथासंग्रह बहुधा डेमी आकारात निघतो, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. चित्र याच्या तिप्पट करा: साडेसोळा बाय साडेपंचवीस इंच. तिप्पट मापातून चित्र लहान होताना ब्रशचे फटकारे घट्ट बसतात, आणि भिंतीसाठीही हा आकार पुरेसा आहे. बोर्ड मात्र १८ बाय २७ इंचांचा घ्या. छपाईत कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारं जास्तीचं चित्र, लागतं, ते चित्रावर ९ मिमी होतं. फ्रेमची पट्टीही कडेचा थोडा भाग खाते. चारी बाजूंना पाऊण इंच जास्तीचं चित्र असलं की दोन्हीची सोय होते. त्या पट्टीत महत्त्वाचं काही ठेवायचं नाही, पण ती कोरीही सोडायची नाही.

मलपृष्ठापर्यंत फिरणारं सलग चित्र हवं असेल तर स्पाइनची, म्हणजे पुस्तकाच्या कण्याची, जाडी आधी विचारा. २४० पृष्ठांचं पुस्तक म्हणजे १६ पृष्ठांचे १५ फर्मे, १२० पानं. ७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो कागद असेल तर पान साधारण ०.०९ मिमी जाड, म्हणजे स्पाइन ११ मिमीच्या आसपास. नॅचरल शेडचा फुगीर कागद निघाला की हा हिशेब बदलतो. म्हणून मुद्रकाकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घेणं उत्तम. सलग चित्रात माणसाचा चेहरा किंवा कंदील स्पाइनच्या घडीजवळ येऊ देऊ नका.

शीर्षकाची जागा चित्रातच हवी. पुष्कळ चित्रकार चित्र पूर्ण करून देतात आणि अक्षरं कुठे बसवायची हा प्रश्न मांडणीकारावर सोडतात. मग तो बिचारा अक्षरांमागे काळी पट्टी टाकतो आणि चित्र मरतं. आपल्या चित्रात वरचा तिसरा हिस्सा आकाशाचा, झाडाच्या पसाऱ्याचा ठेवू. तिथे टोनचे, म्हणजे गडद-फिक्याचे, चढउतार कमी, म्हणजे फिकी अक्षरं सरळ वाचता येतील. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, अनुस्वार यांमुळे शीर्षकाच्या ओळीला वर आणि खाली जास्त मोकळीक लागते, हे जागा आखतानाच धरा. दालनात अक्षरं नसतात. तेव्हा हीच जागा माणसावर दाबून आलेल्या रात्रीचं काम करते.

काडेपेटीएवढी रफ

थेट मोठ्या चित्राला हात घालू नका. आठ-दहा छोटी रफ करा, काडेपेटीच्या मापाची, फक्त तीन टोनमध्ये: काळा, मधला राखाडी, कोरा कागद. पेन्सिल घोटत बसायचं नाही, जाड मार्कर वापरायचा. प्रत्येक रफमध्ये काळ्याचा एकच मोठा, एकमेकांत मिसळलेला आकार दिसला पाहिजे. झाड, बांध, माणसाची पाठ, सगळं एकाच अंधारात बुडलेलं. सुट्या सुट्या काळ्या ठिपक्यांचं चित्र गोंधळाचं दिसतं आणि गोंधळाची कुणाला भीती वाटत नाही.

रफ भिंतीला लावा आणि सहा फुटांवरून बघा. मग फोटो काढून फोनवर नखाएवढा करा. दोन्ही ठिकाणी तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: माणूस आहे, उजेड आहे, आणि काहीतरी बिनसलंय. नखाएवढ्या चित्रात उलटी सावली ओळखू येणार नाही, पण माणसाचा तोल कुठेतरी चुकलाय असं डोळ्याला जाणवलं पाहिजे. मी तरी आकार निवडताना काळोखाला तीन हिस्से आणि उजेडाला एक हिस्सा देतो. उजेड वाढला की मुखपृष्ठ साहसकथेचं वाटू लागतं.

उजेडाचा अभ्यास: इथे घाई नको

मुखपृष्ठासाठी इंटरनेटवरून कंदिलाचा फोटो उतरवून घेणं सोपं आहे. पण त्या फोटोत कंदील असतो, त्याचा उजेड नसतो. खरा कंदील मिळवा. अमावस्येच्या आसपास, वीज नसलेल्या जागी, शेतावर किंवा निदान गच्चीवर दिवे मालवून जा आणि तासभर बसा. फोनवर विसंबू नका. फोन काळोख उजळून टाकतो आणि आपल्याला नेमका तो काळोखच हवा असतो. डोळ्यांनी बघा आणि शब्दांत टिपणं करा.

काय बघायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे उजेड किती झपाट्यानं विझतो. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, चौपट झालं की सोळावा हिस्सा. म्हणजे कंदिलापासून फुटावर असलेल्या धोतराच्या निऱ्या लख्ख, आणि चार फुटांवरचं गवत जवळजवळ गेलेलं. नवशिके कंदिलाचा उजेड अंगणभर पसरवतात, तिथेच रात्र खोटी पडते.

दुसरं रंगांचं. मंद उजेडात आपल्या डोळ्याला लाल रंग आधी काळा दिसू लागतो आणि निळे-हिरवे रंग त्यामानानं उजळ राहतात. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. जास्वंदीचं झाड दुपारी आणि दिवेलागणीनंतर पाहा. दुपारी फूल झाडावरून उडी मारून समोर येतं. तिन्हीसांजेनंतर फूल काळं पडतं आणि पानं राखी-हिरवी, किंचित उजळ दिसतात. चित्रात याचा सरळ उपयोग होतो. कंदिलाच्या वर्तुळात तांबूस, पिवळे, ऊबदार रंग. वर्तुळाबाहेर लालाचा थेंबही नको, सगळं निळसर-हिरवट राखी. एवढं पाळलं तरी निम्मी रात्र जमली.

तिसरं, सावलीच्या कडा. पावलापाशी सावलीची कड धारदार असते, लांब जाईल तशी ती मऊ होत फुटते. ढेकळावरून ती मोडते, बांधाच्या उतारावर वाकते. आपली सावली चुकीच्या दिशेला आहे म्हणून ती कशीही रंगवून चालणार नाही. उलट हीच सावली सर्वांत काटेकोर हवी. यासाठी मातीची वीतभर बाहुली करा, ती खऱ्या मातीच्या ढिगावर उभी करा आणि छोट्या टॉर्चनं उजेड द्या. एकदा टॉर्च उजवीकडून धरून माणसाचा अभ्यास करा, मग डावीकडून धरून फक्त सावलीचा. दोन अभ्यास एका चित्रात आणले की माणूस एका उजेडाचा आणि सावली दुसऱ्या, न दिसणाऱ्या उजेडाची होते. हा दुसरा उजेड कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न बघणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो.

बोर्ड, रंग आणि थर

६ मिमी जाडीचा एमडीएफ बोर्ड मला कॅनव्हासपेक्षा बरा वाटतो, कारण फोटो काढताना विणीचा पोत काळोखात चमकत नाही. आपल्या दमट हवेत तो फुगू नये म्हणून दोन्ही बाजू आणि चारही कडा आधी सीलर लावून बंद करा. मग जेसोचे (रंग धरणाऱ्या पांढऱ्या लेपाचे) तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. त्यावर रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन पांढरेपणा मारून टाका. पांढऱ्या पृष्ठभागावर पहिला गडद फटकारा खरा आहे त्यापेक्षा जास्त काळा दिसतो आणि पुढचे सगळे टोन चुकत जातात.

रंग थोडेच घ्या: रॉ अंबर, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अल्ट्रामरीन ब्लू, विरिडियन, टायटॅनियम व्हाइट आणि एक टिकाऊ किरमिजी. जुन्या पद्धतीचं अस्सल अलिझरिन किरमिजी उजेडात फिकं पडतं. भिंतीवर वर्षानुवर्षं राहायचं चित्र असेल तर ट्यूबवर 'परमनंट' लिहिलेला किंवा क्विनाक्रिडोनचा रंग घ्या.

यात काळा नाही हे लक्षात आलं असेल. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून होणारा काळोख तयार काळ्यापेक्षा कितीतरी खोल असतो, आणि तो हवा तसा वळवता येतो. अल्ट्रामरीन जास्त घातलं की थंड, लांबचा काळोख. अंबर जास्त घातलं की ऊबदार, जवळचा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा काळोख किंचित जांभळट, ढगांसाठी चांगला. विरिडियन आणि किरमिजीचा काळोख सर्वांत गार, मी तो विहिरीच्या किंवा झाडाच्या ढोलीसाठी राखून ठेवतो. आपल्या चित्रात माणसाच्या पाठीमागचा काळोख थंड आणि पायाखालच्या मातीचा काळोख ऊबदार ठेवला की एकही रेघ न काढता दोन्ही वेगळे होतात.

चित्राची सुरुवात उजेड काढून घेण्यानं करा. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला रॉ अंबर बोर्डभर लावा आणि ओला असतानाच सुती कापडानं उजेडाच्या जागा पुसून काढा: कंदिलाची काच, निऱ्या, गालाचा कंगोरा, वाटेचा तुकडा. रॉ अंबर लवकर वाळतो, म्हणून खालच्या थराला तोच योग्य. आयव्हरी ब्लॅक तेल जास्त घेतो आणि उशिरा वाळतो, तो खाली वापरला तर वरच्या थराला पुढे भेगा पडण्याचा धोका राहतो. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा हा नियम काळ्या चित्रात जास्तच काटेकोरपणे पाळावा लागतो.

दुसऱ्या थरात काळोख पातळ आणि उजेड जाड. काळोखात ब्रशच्या खुणा उठल्या की दालनात त्यांवर दिवा चमकतो आणि काळोखाचं चकचकीत डबकं होतं. उजेडात मात्र रंग नाइफनं लावा. कंदिलाच्या काचेवरचा एक ठिपका अक्षरशः उचलून आलेला हवा. जवळ येऊन बघणाऱ्यासाठी तो आहे.

मग कडा. काळोखातल्या बहुतेक कडा हरवून टाका. कोरड्या मऊ ब्रशनं ओल्या रंगावरून हलकेच फिरवलं की माणसाची पाठ रात्रीत विरते. धारदार कड फक्त दोन ठिकाणी ठेवा: कंदिलापाशी आणि चुकीच्या सावलीच्या मुळाशी, पावलाजवळ. नजर आधी कंदिलावर जाईल, तिथून पावलावर उतरेल, आणि मग तिला कळेल.

तिसरा थर ग्लेझचा. अल्ट्रामरीनचा पारदर्शक हात कंदिलाच्या वर्तुळाबाहेर फिरवा. इथे थांबायचं कधी हे हातालाच कळावं लागतं. एक खूण सांगतो: खोलीतला दिवा मंद करून बघा. सगळ्यात काळ्या भागातही झाडाचं खोड आणि आकाश वेगळं ओळखू येत असेल तर थांबा. आणखी एक हात दिला की ते कायमचं जाईल.

दिवाळी अंकाचं काम असेल तर वेळेचा विचार वेगळा. चित्र ऐन पावसाळ्यात करायचं असतं आणि तैलरंग वाळता वाळत नाहीत. अशा वेळी तैलरंग लवकर वाळवणारं अल्किड मीडियम घ्या, पातळ थर बहुधा दिवसभरात वाळतो. किंवा खालचा थर ॲक्रिलिकमध्ये करून वर तैलरंग चढवा. तैलरंगावर ॲक्रिलिक कधीही नाही. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून अंधाराच्या छटा एक पायरी उजळ मिसळा.

फोटो आणि छपाई

काळ्या चित्राचा फोटो काढणं अवघड, कारण रंगाचा प्रत्येक उंचवटा दिवा परावर्तित करतो आणि काळोखावर पांढरट धूळ बसल्यासारखी दिसते. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवा, दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म लावा, लेन्सवर पोलरायझर लावून चमक जाईपर्यंत फिरवा. कॅमेऱ्यामागे काळा कपडा टांगा, नाहीतर तुमचा पांढरा शर्टच चित्रात दिसतो. ग्रे कार्ड (रंग जुळवण्यासाठीचं राखाडी कार्ड) ठेवून एक फोटो आधी घ्या. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली, हवी. डेमी मुखपृष्ठाला ३०० डीपीआयनं (दर इंचाला ३०० ठिपके) १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात, त्यामुळे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा भरपूर झाला. चित्राच्या मूळ मापाचे प्रिंट विकायचे असतील तर त्याच फाइलीतून जेमतेम २३०-२३५ डीपीआय मिळतात. भिंतीवर लावायला तेवढे चालतात.

छपाईत गडद टोन आणखी भरून येतात, कारण शाईचा ठिपका कागदावर पसरतो. म्हणून छपाईच्या फाइलीत काळोखाचा मधला पट्टा थोडा उचलून द्यावा लागतो. स्क्रीनवर तो किंचित फिका वाटला पाहिजे. चारही शाईंची बेरीज ३०० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई वाळत नाही आणि गठ्ठ्यात मागच्या कागदाला लागते. नेमकी मर्यादा मुद्रकाला विचारा. गडद निळसर-हिरवा छपाईत मळतो, त्याची आधी तयारी ठेवा. बारीक फिकी अक्षरं चार शाईंच्या काळ्यावर कोरली तर रंग किंचित सरकला तरी त्यांचे अनुस्वार बुजतात. लेखकाचं नाव आणि ब्लर्ब (मलपृष्ठावरचा मजकूर) यासाठी अक्षर थोडं जाड घ्या.

मॅट लॅमिनेशन भयकथेला शोभतं हे खरं, पण ते काळ्याची खोली कमी करतं. प्रूफ (छपाईचा नमुना) लॅमिनेशनसह मागा, नुसत्या कागदावरचं बघून होकार देऊ नका. प्रकाशक थोडा खर्च करायला तयार असेल तर स्पॉट यूव्ही, म्हणजे ठरावीक जागेपुरता चकचकीत थर, सुचवा, पण ते शीर्षकावर नको. मॅट पृष्ठभागावर फक्त त्या चुकीच्या सावलीला यूव्ही द्या. पुस्तक सरळ धरलं की सावली अंधारात मिसळलेली, आणि हातात कललं की ती चमकून उठते. दुकानात पुस्तक उचलणाऱ्याच्या हातातच गोष्ट सुरू होते.

कागदावरचा करार

हा भाग चित्रकार टाळतात आणि त्याचीच किंमत पुढे मोजतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ वाचा. एरवी चित्राचा पहिला हक्क चित्रकाराचा असतो. पण कुणी मोबदला देऊन चित्र करवून घेतलं, आणि वेगळा करार केलेला नसला, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा ठरतो. मुखपृष्ठाचं काम नेमकं याच प्रकारात येतं. म्हणून काम हाती घेण्याआधी एका पानाचं पत्र करा. त्यात लिहा: कॉपीराइट चित्रकाराचा, प्रकाशकाला अमुक पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी आणि त्याच्या जाहिरातीसाठी वापराची परवानगी, भाषा आणि आवृत्त्या कोणत्या, मुदत किती, आणि मूळ चित्र छपाईनंतर इतक्या दिवसांत परत. दोघांच्या सह्या. हक्क लेखी सोपवले आणि मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. ई-बुक, ऑडिओबुक आणि दुसऱ्या भाषेतली आवृत्ती यांचा स्वतंत्र उल्लेख करा. मोठं काम असेल तर मसुदा वकिलाला दाखवा.

हे प्रकाशकाशी भांडण नाही. चांगल्या प्रकाशकाला मूळ चित्राचं काही करायचं नसतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

भिंतीवर नेताना

एका मुखपृष्ठाचं प्रदर्शन होत नाही. मुखपृष्ठांची चार-पाच चित्रं आणि त्याच जगातली, कुणी न सांगता केलेली आठ-दहा चित्रं अशी मालिका उभी करा. मुंबईचं जहांगीर कलादालन १९५२ पासून चालू आहे आणि तिथे तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तोवर १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला एखादं चित्र पाठवा, आपल्या शहरातलं छोटं दालन घ्या. निवेदनात 'हॉररचं चित्र' म्हणून दबक्या आवाजात लिहू नका. गोयाची रात्र चालते, पोलंडच्या सानोक गावात चित्रकार बेक्शिन्स्कीच्या उद्ध्वस्त जगाला संग्रहालयात मानाची जागा मिळते, तर आपल्या मळ्यातल्या काळोखानं मान खाली घालायचं कारण नाही. बेक्शिन्स्की चित्रांना शीर्षकंही देत नसे. मला मात्र लेबलवर गावाचं आणि वेळेचं नाव लिहायला आवडतं.

दालनाची पांढरी भिंत काळ्या चित्राची शत्रू. डोळा पांढऱ्याला सरावतो आणि चित्र नुसतं काळं भोक दिसतं. शक्य असेल तर भिंतीला मधला राखाडी रंग मागा. ते जमत नसेल तर चित्राभोवती रुंद, चमक नसलेली गडद फ्रेम करा. तैलचित्रावर काच नको. दिवा वरून, उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत, म्हणजे चमक बघणाऱ्याच्या डोळ्यात न येता जमिनीकडे जाते. दिव्याचा सीआरआय (रंग खरे दाखवण्याची क्षमता) ९०च्या वर हवा, नाहीतर जपून केलेले गार आणि ऊबदार काळोख एकसारखे दिसतील. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांच्या आसपास. मुखपृष्ठाचं छापील पुस्तक शेजारी टेबलावर ठेवा. माणसं पुस्तक हातात घेऊन चित्रासमोर उभी राहतात आणि बराच वेळ तुलना करतात.

किंमत ठरवताना दालनाचा हिस्सा आधी विचारा, तो तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असू शकतो. विक्रीच्या बिलावर स्पष्ट लिहा की चित्र विकलंय, छपाईचे हक्क विकलेले नाहीत. घेणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवून ठेवा, कारण कायद्याच्या कलम ५३अ नुसार मूळ चित्र पुढे १० हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्यातला हिस्सा, जास्तीत जास्त १० टक्के, चित्रकार मागू शकतो. पहिला हक्क त्याचा असेल तरच. वरच्या पत्राचा उपयोग इथेही होतो.

चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनं नाव, वर्ष, माप, माध्यम आणि चित्र पूर्ण झाल्याची तारीख लिहा. जिथे रंग तेल पिऊन निस्तेज झालाय तिथे प्रदर्शनापुरतं रिटचिंग (पातळ, तात्पुरतं) वार्निश द्या. अंतिम वार्निशला सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. ते सॅटिन घ्या, कारण ग्लॉसनं काळोख खोल दिसतो पण समोरची खिडकीही दिसते. त्याआधी चित्र विकलं गेलं तर घेणाऱ्याला तसं सांगा आणि वेळ झाली की त्याच्या घरी जाऊन स्वतः वार्निश लावून द्या.